बेलव्ह्यूची स्ट्रॉबेरी आणि न्यायाचा पूल

'बेलव्ह्यू' या शब्दाचा अर्थ सुंदर देखावा. शब्द मूळचा फ्रेंच. म्हणून मॉरिशसच्या माणसाच्या कानाला तो परका वाटत नाही. बेटाच्या उत्तर भागात याच नावाचा जुना साखरमळा आहे. परंतु ज्या बेलव्ह्यूची हकीकत येथे सांगावयाची आहे, ते नगर सहस्रावधी कोस दूर, अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात आहे. सिअ‍ॅटल शहराच्या पूर्वेस वॉशिंग्टन नावाचे लांबच लांब सरोवर पसरले आहे. त्याच्या पैलतीरावर हे नगर वसले आहे. आकाश निरभ्र असले म्हणजे दक्षिणेकडे रेनियर पर्वताचे हिमशिखर दिसते. देखावा खरोखरच सुंदर आहे. परंतु ज्या भूमीवर तो उभा आहे, ती भूमी कोणाच्या घामाने सपाट झाली, हा प्रश्न पुष्कळ वर्षे कोणी विचारला नाही. तो विचारला गेला तो न्यायालयात, काही तरुण वकिलांच्या मुखाने. आणि त्याच्या उत्तराने दुभंगलेल्या समाजांमध्ये एक पूल बांधला गेला.

बुंधे उपटणारे हात

विसाव्या शतकाच्या आरंभी या तीरावरील महाकाय वृक्ष लाकूडवाल्या कंपन्यांनी तोडून नेले. मागे उरले ते अजस्र बुंधे. अशी जमीन कोणाला हवी? ती घेतली जपानहून आलेल्या गरीब शेतकऱ्यांनी. त्यांतील कित्येकजण आधी लाकडाच्या गिरण्यांत आणि रेल्वेच्या रुळांवर राबलेले होते. त्यांनी घोडे जुंपले, साखळदंड लावले, सुरुंग पेरले आणि एकेक बुंधा उपटून काढला. करार बहुधा थोड्या वर्षांचा असे. जमीन साफ करावयाची, दोन-चार पिके घ्यावयाची आणि मुदत संपली की ती मालकाच्या हाती देऊन पुढच्या बुंध्यांकडे वळावयाचे. मॉरिशसच्या शेतांतून आजही जे काळ्या दगडांचे ढीग उभे आहेत, ते पाहिलेल्या माणसाला हे चित्र अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. दगड उचलणारे हात आणि बुंधे उपटणारे हात एकाच जातीचे.

साफ झालेल्या त्या जमिनीत स्ट्रॉबेरी, वाटाणा, लेट्यूस आणि टोमॅटो पिकू लागले. बेलव्ह्यूच्या स्ट्रॉबेरीचा लौकिक असा वाढला, की इ. स. १९२५ पासून तेथे दर वर्षी स्ट्रॉबेरीचा उत्सव भरू लागला. नावांनी भरलेल्या नौका सरोवर ओलांडून येत आणि सहस्रावधी माणसे त्या फळांचा आस्वाद घेत. जपानी शेतकऱ्यांनी आपला सहकारी संघ काढला. माल बांधण्यासाठी व आगगाडीत चढविण्यासाठी आवार उभारले. मुलांना मातृभाषा विसरू नये म्हणून शाळा चालविली. समाजाचे सभागृह बांधले. 'बैठकां'तून दिव्याच्या उजेडात अक्षरे गिरविणाऱ्या मॉरिशसच्या पिढीला यातील तळमळ सहज उमगेल. या संघाच्या कारभाराची धुरा वाहणारा टॉम मात्सुओका हा तर हवाई बेटांत, म्हणजे उसाच्याच मुलखात जन्मलेला होता.

परंतु कायदा या माणसांच्या बाजूला नव्हता. त्या काळी अमेरिकेचे नागरिकत्व नव्याने मिळण्यास माणूस 'गोरा' किंवा आफ्रिकी वंशाचा असावा लागे. ताकाओ ओझावा या जपान्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १९२२ साली फेटाळला. तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, भगतसिंग थिंद या शीख गृहस्थाच्या बाबतीत त्याच न्यायालयाने भारतीयही 'गोरे' नव्हेत असे ठरविले. थिंद हा अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेला इसम. पण त्याचा उपयोग झाला नाही. ज्याला नागरिक होता येत नाही त्याला जमीनही घेता येऊ नये, असा कायदा वॉशिंग्टन राज्याने १९२१ साली केला आणि १९२३ साली तो अधिक आवळला. जन्माने अमेरिकन असलेल्या मुलांच्या नावे जमीन घेण्याची वाटही सरकारी वकील संशयाने पाहू लागले. या कायद्यामागील चळवळीत मिलर फ्रीमन हे मासेमारीच्या व्यवसायातील वृत्तपत्र-प्रकाशक अग्रभागी होते. त्यांनी जपान्यांच्या विरुद्ध एक संघटनाच उभारली होती. पुढे त्यांचे घराणे बेलव्ह्यू परिसरातच नांदले आणि त्यांच्या पुत्राने १९४६ साली तेथे मोठी बाजारपेठ उभारली.

इ. स. १९४० च्या २ जुलै रोजी सरोवरावर तरंगता पूल खुला झाला. पोकळ काँक्रीटच्या प्रचंड पेट्या पाण्यावर तरंगत ठेवून, त्या एकमेकींस जोडून बांधलेला हा पूल म्हणजे त्या काळचे एक नवलच होते. बेलव्ह्यू आता सिअ‍ॅटलचे शेजारी झाले. कालपर्यंत जी जमीन बुंध्यांची म्हणून कोणी घेत नव्हते, तिला मोल चढले. दोन तीर जोडले गेले; माणसांची मने मात्र जोडली गेली नव्हती.

किर्कलंडची आगगाडी

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्याच दिवशी ज्यांना अटक झाली त्यांत टॉम मात्सुओका होता. त्याचा एकच अपराध : तो आपल्या समाजाचा पुढारी होता. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या हुकुमावर सही केली. थिंदच्या निकालाला त्या दिवशी बरोबर एकोणीस वर्षे झाली होती. या हुकुमान्वये पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे एक लक्ष वीस हजार माणसांना घरादारातून उठवून काटेरी तारांच्या छावण्यांत नेण्यात आले. त्यांतील दोन तृतीयांश माणसे जन्माने अमेरिकन नागरिक होती. एकावरही हेरगिरीचा आरोप शाबीत झालेला नव्हता.

बेलव्ह्यूच्या सुमारे साठ कुटुंबांची, म्हणजे तीनशे माणसांची पाळी मे महिन्यात आली. शेतांत स्ट्रॉबेरी पिकण्याच्या बेतात होती. हातांत मावेल तेवढेच सामान न्यावयाचे, असा दंडक होता. २० मे रोजी शेजारच्या किर्कलंड गावाच्या स्थानकावरून त्यांची आगगाडी सुटली आणि कॅलिफोर्नियातील पाइनडेल येथे, आणि तेथून पुढे ट्यूली लेकच्या छावणीत त्यांना नेण्यात आले. त्या वर्षी स्ट्रॉबेरीचा उत्सव भरला नाही. ज्यांनी फळे पिकविली तेच नाहीत, तर उत्सव कोणाचा भरावयाचा? तो उत्सव तेथेच संपला. युद्ध संपल्यावर बेलव्ह्यूला परतलेली जपानी कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकीच होती.

विद्यार्थी आणि त्याचा वकील

याच सुमारास सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात गॉर्डन हिराबायाशी नावाचा चोवीस वर्षांचा तरुण शिकत होता. सिअ‍ॅटलच्या दक्षिणेकडील नदीखोऱ्यात त्याचे आईबाप शेती करीत. त्यांच्या मंडळाची जमीन १९२५ साली याच परकीय-जमीन कायद्याखाली न्यायालयाने हिरावून घेतली होती, म्हणजे कायद्याचा चटका या घराला नवा नव्हता. जपानी वंशाच्या लोकांनी रात्री आठ ते सकाळी सहा घराबाहेर पडू नये असा हुकूम निघाला, तेव्हा आठ वाजत आले की गॉर्डन ग्रंथालयातून धावत खोलीवर येई. त्याच्या गोऱ्या सोबत्यांना मात्र धावावे लागत नसे. एके रात्री तो अर्ध्या वाटेतून मागे फिरला. 'हेही या देशाचे नागरिक आणि मीही. मग मीच का धावावे?' असा विचार त्याच्या मनात आला आणि त्या दिवसापासून त्याने धावणे सोडले.

छावणीत जाण्याचा हुकूम आल्यावर त्याने तोही मानला नाही. १६ मे १९४२ रोजी तो आपण होऊन केंद्रीय पोलिसांच्या कचेरीत हजर झाला. हुकूम का मानीत नाही, याचे लेखी निवेदन त्याच्याजवळ होते. तो एकटा गेला नाही. आर्थर बार्नेट हा क्वेकर पंथाचा गोरा वकील त्याच्या बरोबर होता. त्या दिवसांत जपानी माणसाच्या शेजारी उभे राहावयाचे म्हणजे देशद्रोहाचा शिक्का ओढवून घ्यावयाचा. बार्नेटने तो पत्करला. मेरी फार्क्वारसन या राज्य-विधिमंडळातील सभासद बाईंनी खटल्यासाठी समिती स्थापिली. या समाजात न जन्मलेल्या ज्या थोड्या माणसांनी त्या वेळी हात पुढे केला, त्यांची नावे स्मरणात ठेवण्यासारखी आहेत.

गॉर्डनच्या आईला त्याचा निर्धार मानवला नव्हता. कुटुंबाची ताटातूट होऊ नये म्हणून तिने त्याची परोपरीने विनवणी केली. तिचे अश्रू पाहूनही तो डळमळला नाही, याचे दुःख त्याला पुष्कळ काळ टोचत राहिले. पुढे ती ट्यूली लेकच्या छावणीत पोहोचली, तेव्हा छावणीच्या दूरच्या टोकाहून दोन स्त्रिया तिला शोधीत चालत आल्या. ज्या आईचा मुलगा आपल्या सर्वांसाठी तुरुंगात बसला आहे, तिचे आभार मानावयास त्या आल्या होत्या. हे वृत्त आईने पत्राने कळविले आणि तुरुंगातील गॉर्डनच्या मनावरचा भार उतरला.

खटला ऑक्टोबर १९४२ मध्ये उभा राहिला. ज्यूरीला निर्णय द्यावयास दहा मिनिटेही पुरेशी झाली. संचारबंदी मोडल्याचा पुरावा त्याच्या स्वतःच्याच रोजनिशीतून काढण्यात आला. २१ जून १९४३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने संचारबंदी वैध ठरविली आणि घरादारातून हाकलण्याच्या प्रश्नाला हातच लावला नाही. शिक्षा भोगण्यासाठी अ‍ॅरिझोनातील टूसॉन येथे जावयाचे होते. पण तेथवर पाठविण्यास खर्च नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. तेव्हा हा कैदी वाटेतल्या मोटारी थांबवीत, शेकडो मैल प्रवास करून आपण होऊन तुरुंगाच्या दारात उभा राहिला! द्वारपालांना त्याचे कागदच सापडेनात. कायद्याला तो किती जुमानीत होता, हे यावरून दिसते. त्याचा विरोध अन्यायाला होता, कायद्याला नव्हे.

चाळीस वर्षांनंतरचे वकील

शिक्षा संपली, डाग राहिला. गॉर्डन हिराबायाशी पुढे समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला. बैरुत, कैरो आणि अखेरीस कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठ येथे त्याने अध्यापन केले. त्याच्या पिढीतील बहुतेक माणसांनी मात्र छावणीविषयी तोंडातून शब्द काढला नाही. मुले विचारीत, आईबाप विषय बदलीत. लाज ही अन्याय करणाऱ्याला वाटावयास हवी. पण कित्येकदा ती अन्याय सोसणाऱ्यालाच वाटते. आपला आजा कोणत्या जहाजाने, कोणत्या क्रमांकाच्या चिठ्ठीवर आला हे सांगताना ज्या घरांतून आवाज खाली येई, त्या घरांना हे मौन ओळखीचे आहे.

हे मौन मोडले ते नातवंडांच्या वयाच्या वकिलांनी. पीटर आयर्न्स हे कायद्याचे अभ्यासक १९८१ साली जुनी सरकारी कागदपत्रे चाळीत असता, युद्धकाळात सरकारने सर्वोच्च न्यायालयापासून पुरावा दडविल्याचे त्यांच्या ध्यानी आले. आयको हर्झिग-योशिनागा ही स्वतः छावणीत राहिलेली स्त्री कागदपत्रांचा शोध घेत होती. तिला सेनापती डीविट यांच्या अहवालाची मूळ प्रत सापडली. सरकारने न्यायालयास सांगितले होते, की निष्ठावंत कोण व घातकी कोण हे पारखावयास वेळ नव्हता. मूळ अहवाल निराळेच बोलत होता. त्यात वेळेची सबबच नव्हती. या वंशाच्या माणसांची अशी पारख करताच येणार नाही, असा त्याचा सूर होता. हे वाक्य युद्धखात्यास अडचणीचे वाटले. म्हणून अहवाल बदलण्यात आला आणि पहिल्या प्रती जाळून टाकण्यात आल्या. एक प्रत मात्र आगीतून वाचली.

या आधारावर जानेवारी १९८३ मध्ये सिअ‍ॅटलच्या न्यायालयात अर्ज दाखल झाला. शिक्षा भोगून झाल्यावरही, न्यायालयापुढे मांडलेली वस्तुस्थितीच खोटी होती या कारणाने जुना निकाल पुन्हा उघडावा, अशी विनंती करण्याची एक पुरातन आणि क्वचितच वापरली जाणारी तरतूद कायद्यात आहे. तिचाच आश्रय या वकिलांनी घेतला. प्रारंभी कॅथरिन बन्नाई ही तरुण स्त्री वकील या तुकडीची प्रमुख होती. पुढे ती जबाबदारी रॉड कावाकामी यांनी उचलली. यांतील बरेचजण ऐन उमेदीच्या वयातले होते. अनेकांचे आईबाप वा आजे-आजी छावण्यांत राहिलेले होते. मेहनताना कोणी घेतला नाही. दिवसा पोटापाण्याची वकिली आणि रात्री चाळीस वर्षांपूर्वीचे जीर्ण कागद, असा त्यांचा क्रम चालला.

या तुकडीची घडण ध्यानात घेण्यासारखी आहे. तीत जपानी नावे होती, तशी वाँग आणि लिआँग अशी चिनी नावेही होती. १९४२ साली पश्चिम किनाऱ्यावरील कित्येक चिनी माणसे, आपल्याला कोणी जपानी समजू नये म्हणून, 'मी चिनी आहे' असे बिल्ले छातीवर लावून हिंडत. जपानी सैन्याने चीनमध्ये मांडलेल्या अत्याचारांमुळे दोन्ही समाजांत दरी पडली होती. तिला खरे कारणही होते. त्याच चिनी वंशाचे वकील चाळीस वर्षांनी जपानी माणसाच्या न्यायासाठी एका मेजाभोवती बसले. त्यांच्या शेजारी गोरे वकील होते आणि त्यांत एक वृद्ध गृहस्थ होता : १९४२ साली गॉर्डनबरोबर पोलिसांच्या कचेरीची पायरी चढलेला आर्थर बार्नेट! एका माणसाने जी वाट एकट्याने चालावयास आरंभ केला, तिच्यावर आता मेळा जमला होता.

जून १९८५ मध्ये न्यायमूर्ती डोनाल्ड व्हूरहीस यांच्यापुढे सुनावणी झाली. साक्षीस आले एडवर्ड एनिस. हे युद्धकाळी सरकारच्याच न्यायखात्यात वकील होते. पुरावा दडविला जात आहे, असा इशारा त्यांनी १९४३ सालीच वरिष्ठांना दिला होता. तो कोणी मनावर घेतला नव्हता. आता त्यांनी हिराबायाशीच्या बाजूने साक्ष दिली. फेब्रुवारी १९८६ मध्ये एक शिक्षा रद्द झाली. संचारबंदीची मात्र कायम राहिली. वकिलांनी अपील केले आणि २४ सप्टेंबर १९८७ रोजी वरिष्ठ न्यायालयाच्या न्यायमूर्ती मेरी श्रोडर यांनी लिहिलेल्या निकालाने दोन्ही शिक्षा पुसल्या गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डेल मिनामी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी फ्रेड कोरेमात्सुची शिक्षा १९८३ सालीच रद्द करून घेतली होती. १० ऑगस्ट १९८८ रोजी राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी कायद्यावर सही करून राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक छावणीवासीयास वीस हजार डॉलर देण्याचे ठरले. वॉशिंग्टन राज्यातील तो जमिनीचा कायदा तर त्याआधीच, १९६६ साली, मतदारांनी मोडीत काढला होता.

भारतीय नावाची एक कडी

या साखळीत एक कडी भारतीय वंशाचीही आहे. नील कत्याल यांचे आईवडील भारतातून अमेरिकेत गेले. सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणाऱ्या कचेरीचे हंगामी प्रमुख म्हणून ते काम पाहत असता, २० मे २०११ रोजी, त्यांनी जाहीरपणे मान्य केले की याच कचेरीने हिराबायाशी आणि कोरेमात्सु यांच्या खटल्यांत न्यायालयापासून सत्य लपविले होते. किर्कलंडहून बेलव्ह्यूची माणसे घेऊन आगगाडी सुटली, त्या घटनेला त्या दिवशी एकोणसत्तर वर्षे झाली होती. ज्या न्यायालयाने थिंदला 'तू आमच्यातला नव्हेस' असे सांगितले, त्याच न्यायालयापुढे सरकारतर्फे उभा राहणारा मनुष्य भारतीय माता-पित्यांचा पुत्र असावा, यात काळाचा न्याय दिसतो.

पुढे काही मुस्लिमबहुल देशांतील लोकांवर घातलेल्या प्रवासबंदीविरुद्ध हवाई राज्याने खटला भरला, तेव्हा कत्याल हवाईचे वकील होते. आणि हिराबायाशी, कोरेमात्सु व यासुई या तिघांच्या मुलांनी न्यायालयास आपले निवेदन दिले. आमच्या वडिलांच्या वेळी जे झाले ते दुसऱ्या कोणाच्या बाबतीत होऊ देऊ नका, हा त्याचा आशय. जून २०१८ मध्ये न्यायालयाने कोरेमात्सुचा जुना निकाल चुकीचा होता असे सांगितले. प्रवासबंदी मात्र त्याच निकालाने कायम ठेवली. पूल एकदा बांधून भागत नाही. त्याची डागडुजी पिढ्यान् पिढ्या करावी लागते.

याचा प्रत्यय बेलव्ह्यूलाच आला. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथील महाविद्यालयाच्या आवारात छावणीतील दोन जपानी बालकांचे भव्य चित्र लावण्यात आले. शेजारच्या मजकुरात बेलव्ह्यूच्या साठ कुटुंबांचा आणि मिलर फ्रीमन यांच्या जपानीविरोधी चळवळीचा उल्लेख होता. महाविद्यालयाच्या एका अधिकाऱ्याने त्यातील ते वाक्य पांढऱ्या रंगाने पुसून टाकले. विद्यार्थी आणि नागरिक खवळले. संस्थेस क्षमा मागावी लागली आणि तिच्या प्रमुखांनाही पद सोडावे लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांपूर्वीची ती एक ओळ अजूनही कोणाला बोचत होती. आणि ती पुसू न देणारी माणसेही अजून होती.

आजचे बेलव्ह्यू दीड लाखाहून अधिक वस्तीचे नगर आहे. २०२० च्या जनगणनेत सुमारे दोन पंचमांश लोक आशियाई वंशाचे आढळले. तेथील मराठी घरांतून गणपती बसतो, दिवाळीचा कंदील लागतो. उंच इमारतींखाली स्ट्रॉबेरीची शेते केव्हाच गडप झाली. तेथे आज सुखाने राहणाऱ्या प्रत्येक परदेशी वंशाच्या माणसाचा मार्ग त्या बुंधे उपटणाऱ्या हातांनी आणि त्या वकिलांच्या लेखण्यांनी मोकळा केला आहे, हे मात्र विसरून चालणार नाही.

मॉरिशसला ही गोष्ट दूरची वाटू नये. १९०७ साली गांधीजींच्या सूचनेवरून मणिलाल डॉक्टर नावाचा तरुण बॅरिस्टर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरला आणि गिरमिटियांच्या बाजूने न्यायालयात उभा राहिला. तो गुजराती होता. पण ज्यांची बाजू त्याने मांडली त्यांत भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी सारेच होते. त्याने अशिलाची भाषा विचारली नाही, गाऱ्हाणे विचारले. बार्नेटने तेच केले, बन्नाई व कावाकामी यांनी तेच केले.

गॉर्डन हिराबायाशी २ जानेवारी २०१२ रोजी कॅनडात निवर्तला. त्याच वर्षी अमेरिकेने त्याला मरणोत्तर सर्वोच्च नागरी पदक दिले. टूसॉनजवळच्या ज्या डोंगरात त्याने शिक्षा भोगली, त्या स्थळाला १९९९ सालीच त्याचे नाव देण्यात आले होते. ज्या तुरुंगाच्या दारात तो स्वतःच्या पायांनी आला, त्या जागी आता लोक मुलाबाळांसह विसाव्यासाठी येतात. आपल्या समाजातील तरुणांपैकी जे कायद्याचा अभ्यास करीत असतील, त्यांनी बेलव्ह्यूची ही कथा आपल्या पुस्तकांच्या शेजारी ठेवावी. पदवी हाती आल्यावर पहिला अशील कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा आहे हे पाहू नये. त्याचे गाऱ्हाणे खरे आहे की नाही, एवढेच पाहावे.